बारीक बाळ, दडलेली चरबी : मधुमेहाच्या शोधातल्या २० भन्नाट गोष्टी

अहिल्यानगरजवळचं हिवरे बाजार आपल्याला पाण्यासाठी माहीत आहे. एके काळी पैलवानांसाठी नावाजलेलं, मग दुष्काळानं आणि दारूनं खिळखिळं झालेलं आणि १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यावर पुन्हा उभं राहिलेलं हे गाव. त्याचा मधुमेहाशी काय संबंध? आहे, आणि चांगला जवळचा आहे. याच कमी पावसाच्या पट्ट्यात, पुणे-नगर रस्त्याच्या आसपासच्या गावांमध्ये, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक तीस वर्षांहून अधिक काळ एका प्रश्नामागे लागले आहेत : अंगानं बारीक असलेल्या भारतीय माणसाला मधुमेह का होतो? उत्तर शोधता शोधता ते आईच्या पोटापर्यंत, तिच्या ताटापर्यंत आणि तिच्या कष्टांपर्यंत पोहोचले. त्या शोधातल्या आणि त्याच्या आजूबाजूच्या या वीस गोष्टी. वाचा, आणि घरातल्या मुलींनाही वाचून दाखवा.

१. पुस्तकात एक, ओपीडीत दुसरंच

याज्ञिक पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. पुढे ऑक्सफर्डला संशोधन केलं आणि मग परत येऊन रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात मधुमेह विभाग उभा केला. तिथं पाहतात तर समोरचा रुग्ण पाश्चात्त्य पुस्तकांत बसेचना. पुस्तक सांगायचं, टाइप २ मधुमेह म्हणजे उतारवयातल्या लठ्ठ माणसाचा आजार. पुण्यातला रुग्ण मात्र दहा वर्षं तरुण, हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढं आलेलं. बरेच डॉक्टर अशा रुग्णाला अपवाद समजून पुढे जातात. याज्ञिकांनी त्या अपवादालाच आयुष्याचं काम करून टाकलं.

२. दोन डॉक्टर, एकच आकडा

२००४ साली 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख आला. त्यात दोन शास्त्रज्ञांचा शेजारी शेजारी उभा फोटो. एक याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंची आणि वजन यांवरून काढतात तो बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. दोघंही सडपातळ. मग यंत्रावर शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. हजार शब्दांत पटलं नसतं ते एका फोटोनं पटलं : वजनकाटा सगळं सांगत नाही.

३. म्हणून आपली रेघ वेगळी

युरोपीय माणसासाठी बीएमआय २५च्या पुढे गेला की वजन जास्त मानतात. आपल्याकडे ही रेघ २३वर ओढली आहे, आणि २५पासून लठ्ठपणा. कमरेचा घेरही महत्त्वाचा : पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी चरबी इन्सुलिनच्या कामात सर्वांत जास्त अडथळा आणते. इन्सुलिन रक्तातली साखर पेशींच्या आत पोहोचवतं. पेशी दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंडाला तेच काम करायला जास्त इन्सुलिन ओतावं लागतं. असं वर्षानुवर्षं चाललं की ते थकतं, आणि रक्तातली साखर चढते.

४. १९९३ : सहा गावं आणि एक सन्मान

याज्ञिकांच्या डोक्यात आता नवा प्रश्न होता. ही चरबी आली कधी? चाळिशीत, तारुण्यात, का त्याहूनही आधी? ते पाहायला त्यांनी शहर सोडून गावं गाठली. केईएमचं वढू बुद्रुकला १९७०च्या दशकापासून काम होतं. डॉ. बानू कोयाजी यांनी तिथं गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन उभं केलं होतं. त्या पायावर, पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सहा गावांमध्ये १९९३ साली 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू झाला. त्याच वर्षी कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावानं दार उघडलं, कारण दारात आलेली बाई ओळखीची होती. संशोधनाला लागणारा विश्वास असा आधीच्या पिढीनं कमावून ठेवलेला असतो.

५. बाळाची नोंद, बाळ राहायच्याही आधी

या अभ्यासाची खरी कमाल इथं आहे. रुग्णालयात आलेल्या गरोदर बाईपासून सुरुवात केली नाही. लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयातल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांची आधीच मोजमापं घेतली. मग दर महिन्याला कार्यकर्त्या घरोघर जाऊन पाळीची तारीख लिहून घेत. पाळी चुकली की पुढची तपासणी. अशा सुमारे आठशे गरोदर स्त्रियांची नोंद झाली. आई गरोदर राहण्यापूर्वी कशी होती, हे माहीत असलेले अभ्यास जगात आजही मोजके आहेत. हा त्यांतला एक, आणि तो पुणे जिल्ह्यातल्या ज्वारी-बाजरीच्या शेतांमधून आलेला आहे.

६. ४२ किलोची आई, पावणेतीन किलोचं बाळ

या स्त्रियांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो, उंची सुमारे १५२ सेंटिमीटर. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. जन्मानंतर ७२ तासांच्या आत प्रत्येक बाळाचं डोकं, दंड, पोट आणि पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालची त्वचेची घडी मोजली. ही घडी चिमट्यासारख्या यंत्रात धरली की कातडीखाली चरबी किती ते कळतं. आपल्या बाळाचं पोट लहान, दंड बारीक, डोकं छोटं. फक्त पाठीवरची घडी जवळपास इंग्लिश बाळाइतकी! मांस कमी, यकृतासारखे अवयव लहान, पण चरबी मात्र जपलेली. २००३ साली या बाळाला जगानं नाव दिलं : 'थिन-फॅट इंडियन बेबी', म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीदार.

७. नाळेतलं रक्त काय बोललं

पुण्यातल्या आणि लंडनमधल्या नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त शेजारी शेजारी तपासलं. पुण्याची बाळं वजनानं लहान, तरी त्यांच्या रक्तात इन्सुलिन जास्त होतं. चरबीची चाहूल देणारं लेप्टिनही त्यांच्या आकारमानाच्या मानानं जास्त. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. ज्यानं अजून आईचं दूधही चाखलेलं नाही, त्या बाळात मधुमेहाची पहिली पावलं दिसत होती. इतकं कणभर इन्सुलिन मोजता येतं ते अमेरिकेच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या पद्धतीमुळे. त्यासाठी यॅलो यांना १९७७चं नोबेल मिळालं. बर्सन तोपर्यंत हयात नव्हते.

८. एमआरआयमध्ये झोपलेलं बाळ

चिमट्यानं मोजलेल्या घडीवर कुणाला शंका असेल तर? लंडनच्या डॉ. नीना मोदी यांच्या चमूनं पुण्याच्या सहकाऱ्यांबरोबर नवजात बाळांचे संपूर्ण शरीराचे एमआरआय काढले. २००९ साली निष्कर्ष आला : भारतीय बाळ वजनानं कमी, पण पोटातली चरबी युरोपीय बाळापेक्षा जास्त. म्हणजे सहा गावांत साध्या यंत्रानं, टेपनं आणि वहीत जे पकडलं होतं, ते कोट्यवधींच्या यंत्रानंही खरं ठरवलं.

९. पोटातल्या बाळाचा ताळेबंद

आता हिवरे बाजारला येऊ. पावसाळा संपला की हे गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, विहिरींत किती आहे. आधी पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, उरलेल्यातून पिकं. पाऊस कमी झाला तर कोणतं पीक घ्यायचं नाही, हे ग्रामसभा ठरवते. ऊस आणि केळीला तर बंदीच. अन्न कमी पडलेलं पोटातलं बाळ हुबेहूब हेच करतं. पहिला वाटा मेंदूचा. मग चरबीचा, कारण जन्मानंतर मेंदूला तीच उपयोगी पडणार. कपात होते ती स्नायूंत, मूत्रपिंडात आणि इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडात. हिशेब त्या वेळेपुरता बिनचूक असतो. पण स्वादुपिंडाची ती तूट पुढं आयुष्यभर सोबत राहते, आणि भरल्या ताटाचे दिवस आले की उघडी पडते.

१०. सुईणींच्या जुन्या वह्या

जन्माच्या वजनाचा म्हातारपणीच्या आजाराशी संबंध असतो, हे जगाला कळलं ते वह्यांमुळे. इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या अधिकारी बाईंनी १९११पासून प्रत्येक बाळाचं जन्मवजन आणि वर्षभराचं वजन लिहून ठेवण्याची शिस्त लावली. अनेक दशकांनी डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या वह्या लागल्या. लहान वजनाची बाळं मोठेपणी हृदयविकार आणि मधुमेहाला जास्त बळी पडली होती. हेल्स या शास्त्रज्ञाबरोबर बार्कर यांनी १९९२ साली यावरून सिद्धान्त मांडला. बार्कर आणि त्यांच्या सहकारी डॉ. कॅरोलिन फॉल यांची याज्ञिकांशी जोडी जमली. त्याआधारे पुण्यात केईएममध्ये जन्मलेल्या मुलांना चौथ्या वर्षी पुन्हा तपासलं, तेव्हा कमी वजनाच्या मुलांमध्ये ग्लुकोज दिल्यावर साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त चढत होतं. आपल्या अंगणवाडी सेविका आज ज्या वह्या भरतात, त्यांची किंमत यावरून ओळखावी.

११. भाकरीपेक्षा भाजी पुढं

सहा गावांतल्या गरोदर बायका दिवसाला साधारण १,८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं खात होत्या. आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी ताटातला एकेक पदार्थ तपासला. अपेक्षा अशी की जिच्या पोटात जास्त कॅलरी, तिचं बाळ मोठं. तसं दिसलंच नाही! बाळाच्या वाढीशी नातं दिसलं ते हिरव्या पालेभाज्यांचं, फळांचं आणि दुधाचं. मेथी, चाकवत, राजगिरा, शेपू, बांधावरची पालेभाजी, परसातला पेरू : गरीब घरालाही परवडणारी ही नावं आहेत. २००१ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष प्रत्येक सासूनं, आईनं आणि नवऱ्यानं पाठ करावा असा आहे. पोटभर असणं आणि पोषक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१२. हंड्याचं ओझं बाळापर्यंत पोहोचतं

ताटात काय पडतं ते पाहिलं, पण अंगातून काय जातं? संशोधकांनी शेतातली कामं, विहिरीवरून पाणी आणणं, धुणं, सगळ्यांची बारकाईनं नोंद केली. जिच्या वाट्याला कष्ट जास्त, तिच्या बाळाचं वजन सरासरीनं कमी. म्हणून गावात पाणी येणं हा नुसता शेतीचा प्रश्न राहत नाही. हिवरे बाजारनं डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, शेतीसाठी बोअरवेल घ्यायला मनाई केली. पाऊस तसाच, वर्षाला साधारण चारशे मिलिमीटर, पण विहिरींना पाणी आलं. विहीर जवळ आली की सातव्या महिन्यातल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा खाली उतरतो. पाणलोटाची कामं मोजताना हाही फायदा मोजला पाहिजे.

१३. गवतातून दूध, दुधातून बी-१२

जीवनसत्त्व बी-१२ कोणतीच वनस्पती बनवत नाही. ते बनवतात फक्त काही जीवाणू. गाईम्हशीच्या पोटात हे जीवाणू राहतात, जनावर चारा खातं, जीवाणू बी-१२ तयार करतात आणि ते दुधात उतरतं. शाकाहारी माणसाला बी-१२ मिळण्याचा मुख्य मार्ग हाच. हिवरे बाजारमध्ये चराईबंदीमुळे डोंगरावर गवत आलं, ते कापून जनावरांना घालायची पद्धत पडली, दुभती जनावरं वाढली. १९९०च्या दशकाच्या मध्यात गावात रोज सुमारे १५० लिटर दूध निघायचं. पुढं ते ४,००० लिटरच्या घरात गेलं. याज्ञिकांच्या चमूनं पुण्यात तरुण शाकाहारी लोकांना रोज दूध देऊन पाहिलं, तर अल्पावधीतच त्यांच्या रक्तातलं बी-१२ सुधारलं. मात्र एक अट : सगळं दूध डेअरीवर जाता कामा नये. थोडं घरातल्या मुलीच्या पेल्यात उरायला हवं.

१४. एक शास्त्रज्ञ, दोन कोडी

बी-१२ आणि इन्सुलिन, या गोष्टीतली दोन मुख्य पात्रं. दोघांची रचना उलगडली एकाच बाईनं! ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्यानं १९५०च्या दशकात बी-१२चा आकार शोधला आणि १९६४ साली त्यांना नोबेल मिळालं. इन्सुलिनचा स्फटिक त्यांनी १९३०च्या दशकात हाती घेतला होता. त्याची रचना हाती आली १९६९ साली, तीस वर्षांहून जास्त काळ लागून. त्या चमूत एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञही होते. चिकाटी म्हणतात ती हीच.

१५. एक जास्त, एक कमी

सहा गावांतली मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. आईच्या गरोदरपणातल्या रक्ताचे नमुने गोठवून ठेवलेले होते. दोन्ही जुळवून पाहिलं आणि २००८ साली एक अनपेक्षित चित्र पुढं आलं. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं. ज्या आईच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी, तिच्या मुलामध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. ही दोन्ही जीवनसत्त्वं शरीरात हातात हात घालून काम करतात. एकटं पडलं की गाडी अडते. म्हणून फोलेट पुरवणाऱ्या, सरकारी दवाखान्यातल्या लोह-फॉलिक गोळ्या थांबवायच्या का? मुळीच नाही. त्या रक्तक्षय आणि बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टाळतात. त्यांच्या जोडीला बी-१२ही पाहायचं, एवढाच धडा.

१६. दोन मायक्रोग्रॅमचा मोठा प्रयोग

नुसतं निरीक्षण पुरे नाही, उपाय करून पाहायला हवा. १९९३नंतर जन्मलेली तीच मुलं किशोरवयात आली तेव्हा, २०१२ साली, 'प्रिया' हा प्रयोग सुरू झाला. मुलामुलींना रोज फक्त दोन मायक्रोग्रॅम बी-१२, म्हणजे ग्रॅमचा दोन दशलक्षांश भाग. काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं, काहींना नुसती तशीच दिसणारी गोळी. गरोदरपण येण्याआधीच सुरुवात, हे यातलं वेगळेपण. एकेकाळी जे पोटातलं बाळ म्हणून वहीत आले, ते आता आईबाप म्हणून त्याच वहीत आहेत. तीन पिढ्या, एकच अभ्यास, तीच गावं.

१७. पन्नास पिढ्यांचे उंदीर

दोन पिढ्या पोटभर जेवल्या की उपासमारीचा वारसा पुसला जातो का? आनंदवर्धन हर्डीकर, रमेश भोंडे, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर उंदरांकडून घेतलं. उंदरांचा एक वंश तब्बल पन्नास पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढवलेला होता. त्यांना दोन पिढ्या चांगलं खायला घातलं. तरी मधुमेहाकडे कल तसाच राहिला, उलट चरबी चढली. या उंदरांच्या रक्तातही बी-१२ कमी होतं. २०१५ साली 'सेल मेटाबॉलिझम'मध्ये हे छापून आलं. १८७६पासून १९७२पर्यंत दुष्काळांमागून दुष्काळ सोसलेल्या आपल्या मुलखानं हा निकाल नीट वाचावा. नव्या सुबत्तेत आपल्याला घाई नको, आणि धीरही सोडायला नको.

१८. पुण्यातली दुसरी धाडसी कल्पना

पुण्याचेच जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे यांनी गरवारे महाविद्यालयात आणि पुढं आयसरमध्ये शिकवताना मधुमेहाकडे अगदी वेगळ्या बाजूनं पाहिलं. २००७ साली त्यांनी याज्ञिकांबरोबर एक लेख लिहिला : इन्सुलिनला दाद न देणं हा बिघाड नसून शरीराचं जगण्याच्या पद्धतीनुसार होणारं बदलतं वळण असेल का? बळावर जगणारा प्राणी स्नायूंना साखर देतो. बुद्धीवर जगणारा ती मेंदूकडे वळवतो. पुढं वाटवे यांनी यावर 'डव्हज, डिप्लोमॅट्स अँड डायबेटिस' हे पुस्तक लिहिलं. सगळ्यांना ही मांडणी पटलेली नाही. पण अंगाला घाम येईल असं काम आणि खेळ आयुष्यातून जाऊ द्यायचा नाही, हे सांगण्याचं आणखी एक कारण तिनं दिलं. पैलवानांच्या हिवरे बाजारला ते नव्यानं सांगायला नको!

१९. अठराव्या वर्षीची घंटा

सहा गावांतली मुलं अठरा वर्षांची झाली. सरासरी बीएमआय फक्त १९च्या आसपास, म्हणजे बारीकच. तरी तपासणीत मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर मधुमेहपूर्व पातळीला पोहोचलेली. देशपातळीवर आयसीएमआरच्या २०२३च्या अहवालानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जगही आता बारीक माणसाच्या मधुमेहाकडे वळून पाहतंय. कुपोषणाशी निगडित मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ साली यादीत घेतलं आणि १९९९ साली वगळलं. एप्रिल २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला 'टाइप ५' म्हणून पुन्हा मान्यता दिली. अशा रुग्णाला 'वजन कमी करा' एवढाच सल्ला देणं त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो आता थांबायला हवा.

२०. १४ नोव्हेंबर, आणि एक ठराव

इन्सुलिनचे शोधक फ्रेडरिक बॅंटिंग १४ नोव्हेंबर १८९१ रोजी जन्मले, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे तोच बालदिन. याज्ञिकांचं सारं काम सांगतं की हे दोन दिवस एका तारखेला आहेत ते योग्यच आहे, कारण मधुमेहाला थोपवायची खरी वेळ बालपण आणि त्याआधीचं गरोदरपण आहे.

हिवरे बाजारनं एक धाडसी पायंडा पाडून दाखवला आहे. लग्नाआधी एचआयव्ही तपासणी झाली पाहिजे, असा ठराव गावाच्या ग्रामसभेनं केला आणि पाळला. आरोग्याचा निर्णय सगळं गाव मिळून घेऊ शकतं, हे त्यातून सिद्ध झालं. मग महाराष्ट्रातली प्रत्येक ग्रामसभा १४ नोव्हेंबरला आणखी एक ठराव का करू नये? गावातल्या प्रत्येक किशोरवयीन मुलीचं वजन, उंची आणि हिमोग्लोबिन तपासायचं. जिथं सोय आहे तिथं बी-१२ पाहायचं. गावच्या दुधातला वाटा शाळेतल्या मुलींसाठी राखायचा, परसबागेला पाणी द्यायचं, गरोदर बाईला जड कामातून मोकळं करायचं. तिशीनंतरच्या प्रत्येकानं, बारीक असला तरी, कमरेचा घेर मोजायचा आणि वर्षातून एकदा साखर तपासायची. आणि आज रात्रीपासून घरोघरी एवढं करता येईल : पालेभाजी, दूध, फळ ताटात वाढताना पहिला हात मुलीच्या ताटाकडे जाऊ द्या. पुढच्या दोन पिढ्यांचा मधुमेह तिथं अडवता येतो.